होंगला बोलवा, नळ गळतोय

आईच्या डोंबिवलीच्या घरातला बेसिनचा नळ श्रावणापासून गळतोय. प्लंबरला फोन केला की तो म्हणतो, "पाच मिनिटांत पोचतो, आजी." ही पाच मिनिटं दसऱ्याला संपली नाहीत, दिवाळीला संपली नाहीत. आता घरात संक्रांतीचे तीळ येऊन पडलेत आणि नळाखाली तीच बादली आहे.

अशा घरात माझ्या भाचीने 'होमटाउन चा-चा-चा' लावून दिली. २०२१ची मालिका. कोरियातल्या 'टीव्हीएन' वाहिनीवर २८ ऑगस्ट ते १७ ऑक्टोबर, शनिवार-रविवार, आणि सोळा भागांत खेळ खलास. आई मराठी मालिकांवर वाढलेली प्रेक्षक. 'चार दिवस सासूचे' तीन हजारांहून जास्त भाग चालले, चार दिवसांचे! सोळा भागांची मालिका म्हणजे तिच्या हिशेबी ट्रेलर. पण बसली बघायला.

सोलमधली दंतवैद्य यून हे-जिन. तिचा वरिष्ठ पेशंटच्या तोंडात नको ते उपचार घुसवतो, ते तिला पटत नाही, ती भांडते आणि नोकरी सोडते. आईने तिथेच रिमोट दाबून चित्र थांबवलं.

"गरज नसताना दात उकरणार नाही म्हणून नोकरी सोडली? पौराणिक आहे का गं ही?"

पौराणिक नव्हती, पण चमत्कार पुढे होताच. ही बाई गोंगजिन नावाच्या समुद्रकाठच्या गावी येते, तिची महागडी चप्पल पाण्यात जाते आणि एक देखणा तरुण समोर उभा राहतो. होंग दू-शिक. गाव त्याला 'होंग बांजांग' म्हणतं. बांजांग म्हणजे वस्तीतल्या सगळ्यांत लहान विभागाचा कारभारी, आपल्याकडे गल्लीत एक बिनपगारी अण्णा असतो ना, तसा. फरक एवढाच, की हा सभा घेत नाही, नळ दुरुस्त करतो. घर भाड्याने मिळवून देतो, भिंती रंगवतो, हॉटेलचं जेवण पोचवतो, दुकानाच्या गल्ल्यावर बसतो, आणि या सगळ्याचे पैसे घेतो सरकारी किमान वेतनाच्या दराने. त्या वर्षी कोरियात ते तासाला ८,७२० वॉन होतं, म्हणजे आपले साडेपाचशेच्या आसपास.

लोक म्हणतात, कोरियन मालिका बायका हीरोच्या गालावरच्या खळ्यांसाठी बघतात. किम सन-होच्या खळ्या आहेत खऱ्या, नाही कोण म्हणतं! पण आईने दुसऱ्या भागात विचारलेला प्रश्न असा: "फोन केल्यावर किती वेळात आला तो?" खळ्यांचा उल्लेख नाही. मला वाटतं, या मालिकेची सगळी भुरळ त्या प्रश्नात आहे. बोलावलं की येणारा माणूस. प्रेमबिम नंतर.

आणि हे मी पदरचं सांगत नाही. ही मालिका २००४च्या एका कोरियन चित्रपटावरून केलेली आहे. त्या चित्रपटाचं लांबलचक नाव मराठीत आणलं तर साधारण असं होईल: कुठंतरी, कुणालातरी, काहीतरी झालं, की हमखास हजर होतो होंग बांजांग. याला सिनेमाचं नाव म्हणायचं, की प्लंबरने सोसायटीच्या गेटवर लावावा असा बोर्ड?

पहिल्याच भागात हे-जिनकडे कॉफीचे पैसे नसतात. फोन बंद, कार्ड बंद, रोकड शून्य. होंग तिला उधार देत नाही. बंदरावर माकूळ चिरायला बसवतो. दंतवैद्य बाई तासाच्या दराने माकळाची आतडी काढते आणि कॉफीचं बिल भागवते. ज्याला अजूनही वाटतं, की डिजिटल पेमेंट आलं आणि नोट गेली, त्याने हा प्रसंग सर्व्हर डाउन असलेल्या दिवशी वाण्याच्या दुकानात उभं राहून आठवावा.

गंमत बघा. याच मालिकेचे भाग चालू असताना, १७ सप्टेंबर २०२१ला, कोरियाने जगाला दुसरा माकूळ वाढला: 'स्क्विड गेम'. तिकडे ४५६ कर्जबाजारी माणसं ४५.६ अब्ज वॉनसाठी एकमेकांच्या जिवावर उठतात. इकडे तासाला ८,७२० वॉनवर एक अख्खं गाव सुखाने जगतं. जगाने पहिल्यावर निबंध लिहिले आणि रात्री झोप येईना म्हणून दुसरी लावली. ज्या पूर्व किनाऱ्यावर हे गोंगजिन बेतलं, तिथल्या समुद्रात माकूळ कमी होत चाललाय. समुद्र तापतोय, उपसाही बेसुमार. मालिकेत मात्र ढीगच्या ढीग. स्वप्नच बघायचं तर मासळी तरी भरपूर असू दे.

भाचीने कोरियन भाषेचे धडे गिरवलेत. ती म्हणाली, "आजी, हा सगळ्यांना अरे-तुरे करतो." कोरियनमध्ये समोरच्याचा मान वाक्याच्या शेपटीला असतो. क्रियापदाच्या शेवटी आदराचं 'यो' लागतं. हा गडी ते गाळूनच बोलतो. डॉक्टरणीशी तसाच, ऐंशी वर्षांच्या आजीशीही तसाच. पहिल्या भेटीतच ती त्यावरून भडकते. इंग्रजी सबटायटलांना यातलं काहीच कळत नाही, त्यांच्याकडे 'तू' आणि 'तुम्ही'ला मिळून एकच शब्द. अर्धं प्रेम तिथेच सांडतं. आईला मात्र चटकन कळलं. आईला 'अगं' आणि विठोबाला 'अरे' म्हणणाऱ्या भाषेत वाढलेल्या बाईला समजवायला काय लागतंय? "जवळचा समजतो म्हणून," ती म्हणाली. "आमचा तो प्लंबर बघ, 'आजी, येतो हं, तुम्ही काळजी करू नका.' मान देतो. वॉशर देत नाही."

या मालिकेत खलनायकही नाही. दुसरा नायक आहे, टीव्हीचा दिग्दर्शक, हे-जिनचा कॉलेजातला सीनिअर. तो इतका सज्जन, की हरतानाही समोरच्याला जेवलास का विचारेल. गावची एक भोचक बाई आहे, सगळ्यांच्या भानगडी घरोघर पोचवते. आपल्याकडे तिला लगेच कटकारस्थानाला लावली असती, दुधात काहीतरी कालवायला. इथे कळतं, की तिने आपलं मूल गमावलंय. तिला पुढे कोणी दटावत नाही. एका नवरा-बायकोचा घटस्फोट उलट्या काढून टाकलेल्या मोज्याच्या निमित्ताने झालेला असतो. मोज्यावरून! आणि आई म्हणाली, "पटतंय." ती माझ्या वडिलांच्या फोटोकडे बघत होती.

पण मीही सदर लिहिणारा माणूस, मला खुसपट काढायलाच हवं. होंग सोल नॅशनल युनिव्हर्सिटीचा मेकॅनिकल इंजिनिअर असतो. इंजिनिअर किमान वेतनावर राबतोय ही कोरियात कल्पनारम्य गोष्ट असेल, आपल्याकडे ती बातमीसुद्धा होत नाही. तो असं का जगतो? पूर्वी तो सोलमध्ये फंड मॅनेजर होता. त्याच्या फंडाच्या नादाने इमारतीच्या रखवालदाराने पैसे घातले, ते बुडाले आणि रखवालदार जीव द्यायला निघाला. त्या अपराधाच्या ओझ्याखाली होंग गावात येऊन लोकांच्या मोऱ्या साफ करतो. म्हणजे आपल्याला हवा तसा मिस्त्री (उच्चशिक्षित, देखणा, स्वस्त, वेळेवर येणारा आणि वर चहाला नाही म्हणणारा) मिळायचा तर आधी कुणीतरी शेअर बाजारात बुडलं पाहिजे. साधा, धडधाकट, पोटापाण्यासाठी काम करणारा प्लंबर या दरात कसा येईल? तो येत नाही, यात त्याचा दोष किती आणि आपल्या अपेक्षेचा किती, हे बादली भरेपर्यंत मोजत बसावं.

गोंगजिन नकाशावर नाही. चित्रीकरण झालं पोहांग शहरात. ते पोलादाचं शहर आहे आणि तिथले लोक रोमान्ससाठी प्रसिद्ध नाहीत. त्याच्या उत्तरेकडच्या चोंगहा गावात दर पाच दिवसांनी भरणारा बाजार आहे, तिथे मालिकेच्या पाट्या तशाच ठेवल्यात. झुंडी गेल्या फोटो काढायला. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस'नंतर लोक जसे शाहरुख उभा होता ती पायरी शोधत फिरतात, तसंच. शेवटी निर्मात्यांना सांगावं लागलं, की बाबांनो, आजीचं आणि होंगचं म्हणून दाखवलेल्या घरांत खरी माणसं राहतात, तिथे डोकावू नका. शेजारधर्म बघून डोळे पुसणारा प्रेक्षक दुसऱ्याच्या खिडकीला नाक लावून उभा! मालिकेतला शेजारधर्म मात्र मदतीला धावतो: दुकानवाल्या बाईला मूल होतं ते डेंटिस्टच्या हातून, कारण वादळी पावसात दवाखाना गाठता येत नाही. ज्या देशात त्या वर्षी जननदर ०.८१वर आला होता, तिथे एका बाळंतपणासाठी दातांची डॉक्टर धावली, हेही खूप झालं.

मग मालिकेचा शेवट.

गावात तीन आज्या आहेत. त्यातली थोरली गाम-री. होंगला पोटच्या नातवासारखं वाढवलेली. ही भूमिका किम यंग-ओक यांनी केली, तेव्हा त्यांचं वय ८३. आणि याच बाई त्याच वर्षी 'स्क्विड गेम'मध्ये नायकाची आई होत्या. मधुमेहाने पाय सडत चाललेली, पैसे नाहीत म्हणून दवाखान्यातून उठून घरी येणारी. मुलगा अब्जावधी वॉन जिंकून परततो तेव्हा ती एका खोलीत फरशीवर एकटीच पडलेली असते. गोंगजिनमध्येही ती मरते. झोपेत, दोन मैत्रिणी शेजारी निजलेल्या असताना. सकाळी त्या तिला उठवायला जातात.

एकच म्हातारी, एकच वर्ष, दोन मरणं. भाचीने हे सांगितल्यावर मी आईकडे बघितलं नाही. मी ठाण्यात राहतो. डोंबिवली आणि ठाण्याच्या मधे चार स्टेशनं आहेत आणि एक मीटिंग.

आई म्हणाली, "तुला फोन केला की तू म्हणतोस नंतर करतो. प्लंबर म्हणतो पाच मिनिटांत येतो. त्यातल्या त्यात तो बरा, खोटं तरी ताजं सांगतो."

तेवढ्यात बेल वाजली. दारात प्लंबर. हातात पान्यांची पिशवी.

"आजी, नळ?"

"हळू बोल," आई म्हणाली. "आजी गेलीय."

तो बिचारा चपला काढून आत आला आणि भिंतीला टेकून बसला. थोड्या वेळाने कळलं, की गेलेली आजी टीव्हीतली आहे, पण तोवर त्यालाही हुंदका फुटलेला होता. गावाकडची मयत बघितलेला माणूस, त्याला सबटायटल कशाला लागतंय! भाचीने हळूच होंगची माहिती दिली: सगळी कामं करतो, बोलावलं की येतो, तासाला साडेपाचशे.

"साडेपाचशे?" त्याने नाक पुसलं. "पूर्ण तास काम करून? ताई, एवढ्यात आम्ही नुसतं येऊन बघतो."

त्याने शेवटपर्यंत बघितलं. लग्नाचे फोटो निघाले, सगळं गाव फ्रेममध्ये घुसलं, नावं वर सरकली. आईने चहा दिला, त्याला तो नाही म्हणाला नाही. मग उठून बेसिनपाशी गेला, नळ डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला.

"वॉशर गेलाय."

"श्रावणात गेलाय," आई म्हणाली.

"पिशवीत या साइजचा नाहीये. आणतो, पाच मिनिटांत." जिन्यात पोचल्यावर त्याने खालून विचारलं, "आजी, याचा पुढचा सीझन आहे का?"