दाजींचा बेत

वारंगा फाट्यावर कुणी मुक्कामाला येत नाही. नांदेडहून अर्धापूर, डोंगरकडा करत आलेला रस्ता इथं दुभंगतो. एक आखाडा बाळापूर, कळमनुरी करत हिंगोलीला जातो, दुसरा हदगाव, उमरखेड धरून नागपूरकडं. ट्रकवाले गाडी बाजूला घेतात, खिचडी खातात, तोंडावर पाणी मारतात आणि निघतात. फाट्यावरच्या प्रत्येकाला कुठंतरी जायचं असतं. आमच्या दाजींनाही जायचं असतं. बाकीचे जातात, दाजींचं ठरत असतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे मालक. फाट्यावर खत-बियाण्यांचं दुकान, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि डोक्यात बारमाही तलाव. गळ टाकून मासे धरायचा दाजींना नाद आहे, असं लोक म्हणतात. लोकांनी त्यांना लांबून पाहिलंय. दाजींना नाद आहे तो गळ टाकायला जाण्याचा बेत करण्याचा. बियाणं कंपनी दरवर्षी फुकट देते ती जाडजूड डायरी या बेतांनीच भरते. दुकानाची उधारी त्याच डायरीत मागच्या पानांवर, अंग चोरून बसलेली असते.

बेताची सुरुवात तारखेपासून. वार रविवार, एवढं नक्की. मग वजाबाकी सुरू होते. श्रावण गेला, नवरात्र गेलं. संकष्टी रविवारी आली तर ताई घरात मासळीचं नाव काढू देत नाही. टायरवाल्या मित्राच्या घरी रविवार खंडोबाचा, त्यामुळं तो येतो पण शिवत नाही. जूनमध्ये पेरणीची गर्दी, दुकान सोडता येत नाही. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, माणसं मिळत नाहीत. फेब्रुवारी-मार्चात हळद शिजवायला लागते आणि सगळा जिल्हा कढईभोवती उभा असतो. उरतात ते थंडीतले थोडे रविवार. त्याच दिवसांत गार पाण्यात मासा सुस्तावतो आणि आमिषाकडं ढुंकून बघत नाही. हे दाजींनाही ठाऊक आहे. "म्हणूनच तयारी पक्की पाहिजे," असं ते म्हणतात.

दुसरी पायरी तलाव. पूर्णेवरचं सिद्धेश्वर की येलदरी, पैनगंगेवरचं ईसापूर, की जवळचाच एखादा पाझर तलाव, यावर आठ-पंधरा दिवस जातात. ईसापूरचं नाव निघालं की दाजी आवाज खाली आणतात. तिथल्या पाण्याचा बराच भाग पक्षी अभयारण्यात गेलाय, तेव्हा हद्द कुठून कुठं ते आधी वनखात्याला विचारायचं, मग बोलायचं. बाकी तलावांतली मासळी ठेक्यानं मच्छीमार सोसायटीची असते. काठावर बसून गळ टाकायचा तरी सोसायटीच्या माणसांना विचारलेलं बरं, असा दाजींचा दंडक. विचारायला ते इस्त्रीचा शर्ट घालून जातात, चहा पाजतात आणि दोन तास बसतात. त्या बैठकीत एका म्हाताऱ्या भोयानं त्यांना सांगितलं, "साहेब, वारं कुणीकडून हाय ते बगा. लाट ज्या काठाला लागतीया त्याच काठाला बसा. चारा तिकडंच वाहून जातो." दाजींनी ते डायरीत लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात त्याच म्हाताऱ्याला त्यांनी तेच, थोडं शास्त्रीय करून, समजावून सांगितलं. म्हातारा "हाव साहेब" म्हणत शेवटपर्यंत ऐकत होता.

मे महिन्यातले दाजी बघायला हवेत. तलाव आटलेला, गाळाला वीतभर भेगा, ऊन मी म्हणतंय, आणि डोक्याला पंचा बांधून हा माणूस कोरड्या तळातून डायरी घेऊन फिरतोय. तुटलेलं बाभळीचं खोड दिसलं की थांबायचं, काठावरच्या लिंबाच्या झाडापासून पावलं मोजायची आणि नकाशात फुली मारायची. जुन्या विहिरीचा काठ, बुडालेल्या बांधाची दगडं, ओढ्याचा मूळ पाट, सगळ्यांवर फुल्या. ऑगस्टात पाणी भरलं की मासा याच आडोशांना राहणार! हे शंभर टक्के बरोबर आहे, जाणकार गळवाले हेच करतात. एकदा शेळ्यावाल्या पोरानं विचारलं, "काका, काय हरपलं का?" दाजी म्हणाले, "अजून सापडलंच नाई, तर हरपंल कसं?" दाजींच्या तोंडून निघालेलं एवढं छोटं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

माशांची माहिती मात्र माणसाकडं खरी आहे. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. म्हणून एकाच तलावात तिन्ही सुखानं नांदतात आणि गळाची खोली तिघांना तीन लागते. मरळ अधूनमधून वर येऊन हवा घेते, तेव्हा बुडबुडा कुठं उठला ते बघून ठेवायचं. हे सांगताना दाजी युरियाच्या पोत्यावर हाताची मासळी करून पोहत नेतात आणि गिऱ्हाईक पावती हातात धरून तिष्ठत राहतं.

आमिषाचं खातं गुप्त. म्हणजे दाजींच्या मते गुप्त. शेंगदाण्याची पेंड, भाजलेली मेथी, चिमूटभर हिंग, कणीक, आणि आणखी एक वस्तू जी ते मरताना मुलाच्या कानात सांगणार आहेत. ती बडीशेप आहे. ताईला डबा कधी रिकामा झाला ते कळतं. आदल्या रात्री परातीत गोळा मळायला घेतात तो अकरा वाजेपर्यंत चालतो. मध्येच एक तुकडा मोडून बशीतल्या पाण्यात सोडायचा, घड्याळ लावायचं, किती वेळात विरघळतो ते लिहायचं. ताई दारात उभी राहून म्हणते, "माझ्या माहेरचे पाहुणे आले तवा एवढी कणीक मळली नव्हती." दाजी मान वर न करता म्हणतात, "तुझ्या माहेरचे हाक न मारता येतात." हे माझ्यासमोर, बरं का.

दाजींना कुणी रिकामटेकडं म्हटलं की ते थेट कल्याणीच्या चालुक्यांकडं जातात. बाराव्या शतकात सोमेश्वर राजानं 'मानसोल्लास' लिहिला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं त्यात आहे आणि त्यात मत्स्यविनोद नावाचं आख्खं प्रकरण गळाच्या मासेमारीवर आहे: कोणता मासा, त्याला कोणतं आमिष, काठी कशी, दोर कसा. "इंग्रजांचा तो वॉल्टन. त्याचं पुस्तक 1653 चं. आपला राजा त्याच्या पाचशे वर्षं आधी गळ घेऊन बसला होता, आणि तोही आपल्याच मुलखाचा!" इथं ते बसवकल्याणच्या दिशेला बोट दाखवतात. ते बोट नेहमी शेजारच्या पंक्चरच्या दुकानावर जातं आणि तो बिचारा "काय शेठ?" म्हणून बाहेर येतो.

आणि पवई! दाजींची काशी पवईला आहे. मुंबईचा तो 1891 चा तलाव, काठावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन, गळवाल्यांची रीतसर संघटना, सभासदत्व, नियम. कागदावर नियम असलेली मासेमारी म्हटल्यावर दाजींचे डोळे भरून येतात. धरलेला मासा जपून परत पाण्यात सोडायचा, ही कल्पना त्यांनी फाट्यावर मांडून पाहिली. टायरवाला विचारात पडला. "सोडायचाच, तर धरला कामून?" तरी दाजींनी पवईचा बेत केला. नंदीग्राम की देवगिरी, रॉड वरच्या बर्थला की खाली, उतरायचं दादरला की ठाण्याला, सगळं लिहून झालं. ताईनं शांतपणे विचारलं, "त्या तलावात मगरी हायेत म्हणं?" "हायेत," दाजी अभिमानानं म्हणाले. "मंग जावा," ताई म्हणाली. तो बेत अजून डायरीत आहे.

प्रत्यक्ष सहलीबद्दल सांगण्यासारखं फार नसतं. पहाटे साडेचारला छोट्या हत्तीत सामान चढतं, दाजी यादीवर खुणा करत बसतात, आणि सूर्य कासराभर वर आला की गाडी हलते. काठावर बोलायचं नाही. दिवसभरात दोन-चार झिंगे आमिष कुरतडून जातात. परतताना दाजी सगळ्यात खुश असतात, कारण गाडीतच पुढचा बेत सुरू झालेला असतो.

पण स्पर्धेचं सांगितलं पाहिजे. पवई लांब पडते, तर पवई इकडं आणू, असं ठरवून दाजींनी दिवाळीनंतर हौशी मंडळींची स्पर्धा भरवली. जागा म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून, माती वाहून बांधलेला एक पाझर तलाव. सोसायटीची परवानगी घेतली. स्पर्धक सहा: टायरवाला, एसटीचे ड्रायव्हर, कंपाउंडर, गणिताचे एक मास्तर, मी, आणि दाजींचा बारा वर्षांचा पोरगा. दाजी पंच. नियम तेवीस. एका काठीला एकच गळ. दुसऱ्याच्या दोऱ्यात दोरा अडकल्यास दोघांनी मिळून, शिव्या न देता सोडवावा. सर्वांत जास्त वजनाचा मासा पहिला. वजनाबद्दल पंचांचा निर्णय अंतिम. बक्षीस कंपनीची मोठी छत्री.

सकाळपासून दुपारपर्यंत सहा जणांनी मिळून एक मासा धरला. तळहाताएवढी चिलापी, आणि धरली पोरानं. पंचाच्याच पोरानं! दाजींचा चेहरा उतरला. आता लोक काय म्हणतील? "वजन सगळ्यांसमोर, काट्यावर," ते गरजले, आणि सगळी मंडळी दुकानात आली. दाजींचा काटा खताची पोती मोजणारा. मासा ठेवला तर आकडा शून्य. दोन किलोखाली तो काटा काही दाखवतच नाही. शेजारी भाजीवाल्याचा छोटा काटा होता, पण तो प्रमाणित नाही म्हणून दाजींनी नाकारला. मग त्यांनी पोराला मासा हातात देऊन काट्यावर उभं केलं. अडतीस किलो चारशे. आता पोराला बिनमाशाचा तोलायचा आणि वजा करायचं.

तेवढ्यात माशाची लांबी धरायची ती शेपटीच्या टोकापर्यंत की खाचेपर्यंत, यावर कंपाउंडरनं वाद काढला. नियमात लांबीचा संबंध नव्हता, पण दाजींना शंकेत राहणं जमत नाही. ते डायरी चाळत बसले. अर्धा तास गेला. पोरगं पहाटेपासून उपाशी. ते समोर जाऊन खिचडीची प्लेट खाऊन, वर तांब्याभर पाणी पिऊन आलं. पुन्हा काट्यावर उभं राहिलं. अडतीस किलो सहाशे.

दाजींनी वजाबाकी केली. पुन्हा केली. मग डायरी मास्तरांकडं दिली. मास्तरांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "उणे दोनशे ग्रॅम. म्हणजे हिशेबानं हा मासा आपणच तलावाला देणं लागतो."

कुणी हसलं नाही, कारण टायरवाल्याच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला होता. "थांबा! मी काहीच धरलं नाई, म्हणजे माझं वजन शून्य. शून्य मोठं का उणे दोनशे मोठं?" मास्तरांना खरं सांगणं भाग होतं. शून्य मोठं. म्हणजे ज्यांनी ज्यांनी काही धरलं नव्हतं ते आम्ही पाचही जण पहिले आलो, आणि मासा धरणारा एकुलता एक स्पर्धक शेवटचा. दाजींनी पोराकडं पाहिलं, नियमांच्या पानाकडं पाहिलं, आणि जड आवाजात निकाल जाहीर केला. छत्री एक होती, विजेते पाच. ती कुणी आधी न्यायची यावर चिठ्ठ्या टाकायचं ठरत होतं, तोवर ताई घरातून आली. तिनं छत्री उचलून पोराच्या हातात दिली, चिलापी उचलली, भाजीवाल्याच्या काट्यावर टाकली, "दीडशे ग्रॅम" म्हणाली आणि मासा घेऊन घरात गेली.

दाजींनी तिला अडवलं नाही. पेन काढलं, तोंडानं टोपण उघडलं आणि लिहिलं: नियम चोवीस. वजन करतेवेळी स्पर्धकाने दोन तोलांच्या मध्ये काहीही खाऊ-पिऊ नये. थोडं थांबून पुढं कंसात घातलं: (पंचांच्या मुलानेसुद्धा.)