फेरफार

मोजणी खात्याच्या चाकरीत दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी कायम करता करता ज्याच्या स्वतःच्या गुडघ्यांची मुदत केव्हा संपली याचा त्यालाच पत्ता लागला नाही, असा इसम निवृत्तीनंतर बदलापुरातील आपल्या घरी सकाळचे वर्तमानपत्र, दुपारची वामकुक्षी आणि संध्याकाळी फलाटावरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या लोकलची मोजदाद, एवढ्यावर संतुष्ट राहील, अशी त्याच्या आप्तांची अपेक्षा असल्यास ती गैरवाजवी म्हणता येणार नाही. ती फोल ठरवण्याचे पातक माझ्या हातून घडले, आणि त्यास निमित्त झाली एक सायकल. किंवा अधिक काटेकोर बोलायचे तर, एका सायकलीच्या जागी हळूहळू येऊन बसलेली दुसरी.

बदलापूर या नावाविषयी अशी आख्यायिका आहे की जुन्या काळी या वाटेने दौडणारे स्वार येथे दमलेले घोडे सोडून देत आणि ताज्या दमाचे घोडे घेऊन पुढे जात. घोडे जेथे बदलले जात ते बदलापूर. इतिहाससंशोधकांचे या व्युत्पत्तीवर काय मत आहे याची चौकशी मी हेतुपुरस्सर केलेली नाही, कारण ती खोटी निघाल्यास माझ्या बाजूचा एकमेव ऐतिहासिक पुरावा नष्ट होईल.

मूळ सायकल हर्क्युलस एमटीबी जातीची, निळ्या रंगाची, चिरंजीवांच्या शालेय पराक्रमाप्रीत्यर्थ घेतलेली. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदी निमंत्रणाची वाट न पाहता आमच्या दिवाणखान्यात आली, तेव्हा घरातील माणसे वरच्या मजल्यावर गेली आणि सायकल खालीच राहिली. नदी परत गेल्यावर जो गाळ उरला, त्यातून दोन खुर्च्या, एक पाटा आणि ही सायकल एवढा मुद्देमाल हस्तगत झाला. पुढे चिरंजीव नोकरीनिमित्त परमुलखात गेले, सायकल माळ्यावर गेली, आणि मी निवृत्त होईपर्यंत दोघांचीही फारशी खबरबात नव्हती.

ती माळ्यावरून खाली आणली माझ्या भाच्याने. मुलगा हुशार, पण हुशारीचा उपयोग मामाचे निवृत्तिवेतन सत्कारणी लावण्याकडे करणारा. "मामा," तो म्हणाला, "सांगाडा दणकट आहे. पुढे फक्त शॉकअपचा चिमटा टाकू, मस्त हार्डटेल होईल." जगातील पुष्कळशा अनर्थांचा प्रारंभ या 'फक्त'ने झालेला आहे.

ज्या डोंगरी सायकलीच्या पुढच्या चिमट्यात धक्के शोषून घेण्याची सोय असते, परंतु मागचे चाक सांगाड्याला ताठ जखडलेले असते, तिला हार्डटेल म्हणतात. या शब्दाचे 'ताठशेपटी' असे शुद्ध मराठी भाषांतर मी करून पाहिले. पण ते गुरांच्या बाजारात अधिक शोभेलसे वाटल्यावरून मूळ शब्दच कायम केला. पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेल्या गाड्याही मिळतात. त्यांच्या किमती ऐकल्यावर मला आपल्या कारकिर्दीत मोजलेले काही भूखंड आठवले.

चिमटा आला आणि बसेना. जुन्या सांगाड्याच्या डोक्याची नळी एक इंची दांड्यासाठी होती आणि नव्या चिमट्याचा दांडा निघाला सव्वा इंचालाही लाजवणारा नव्हे, नुसता एक अष्टमांश इंचाने अधिक जाड. ज्या खात्यात तेहतीस फुटी साखळीचे सोळा आणे करून, साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, असा हिशेब जुन्या अमीनांच्या तोंडून ऐकत मी वाढलो, त्या हिशेबाने हा फरक इंचाच्या दोन आण्यांचा. दोन आण्यांच्या तंट्यावरून सख्ख्या भावांना दिवाणी न्यायालयापर्यंत गेलेले मी पाहिले आहे. येथे सायकल हटून बसली यात तिचा दोष नव्हता. चिमटा परत घेईनात, म्हणून चिमट्याला साजेसा सांगाडा घेणे प्राप्त झाले. तो क्रोमोली पोलादाचा, बारीक नळ्यांचा, राखाडी. सांगाड्याला डिस्क ब्रेकची सोय होती, म्हणून चाके बदलली. चाकांवर मागे दहा चक्रे बसणार होती, म्हणून साखळी बदलली. आणि एवढे झाल्यावर जुन्या हँडलने तिथे काय म्हणून राहावे?

हँडल आणि पॅडल उल्हासनगरच्या बाजारातून आणले. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत अंगावरच्या वस्त्रानिशी उतरलेल्या सिंधी निर्वासितांनी १९४९ साली वसवलेले हे नगर. तेथील माल 'यूएसए'चा असतो आणि त्या अक्षरांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा करावा, हा विनोद आमच्या मुलखात इतका जुना आहे की आता तेथील दुकानदार तो गिऱ्हाइकाच्या आधी स्वतःच सांगून मोकळे होतात. "साईं, पॅडल अमेरिकेचे आहे," मला सांगण्यात आले, "पण टिकेल." त्या 'पण'साठी मी ते घेतले, आणि ते टिकले.

आमच्या खात्यात जमिनीच्या हक्कात बदल झाला की गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंदवला जातो, संबंधितांस नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात. जुन्या सवयीने मी सायकलीसाठीही एक वही घातली. आमच्या मंडळी याच आमच्या घरचे मंडळ अधिकारी. त्यांना नोटीस मात्र मी बजावत नसे, आणि मुदतीबाहेर हरकत घेता येत नाही, या समजुतीवर विसंबून असे.

"अहो, ही सायकल कालचीच ना?"

"तीच."

"काल निळी होती."

यावर मी त्यांना मिलिंद राजाची कथा सांगितली. यवन राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात नागसेन विचारतो, की राजा, तू रथातून आलास. तर तुझा आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? दांडी म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकास नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की या सर्वांच्या मेळाला व्यवहारासाठी दिलेले नाव म्हणजे रथ. "तद्वत," मी म्हणालो, "सायकल हे केवळ नाम आहे." मंडळींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "असेल. पण मिलिंदाच्या राणीला वाण्याची उधारी भागवायची नव्हती." दोन हजार वर्षांच्या तत्त्वज्ञानाची नोंद अशा रीतीने नामंजूर झाली.

आता या खटाटोपात गोडी कोणती, असे कोणी विचारील. कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाला ती चटकन कळते. पुढचा शॉकअप म्हणजे साहेबांच्या दाराशी बसलेला मुरब्बी चिटणीस: खालच्या जगात वाटेल तो हलकल्लोळ माजो, तो त्याची तीव्रता कमी करून, योग्य शब्दांत, हातांपर्यंत पोहोचवतो. मागचे ताठ चाक म्हणजे नव्याने रुजू झालेला तरुण तलाठी: जे पाहिले ते, जसेच्या तसे, तत्काळ, आणि नेमके जेथे लागायचे तेथे कळवतो. साऱ्या कारकिर्दीत मला इतका सत्यवादी अहवाल कधी मिळाला नव्हता. हार्डटेलवर बसणारा माणूस म्हणूनच फार वेळ बसत नाही. खडक आला की तो पॅडलवर उभा राहतो, गुडघे व कोपरे सैल सोडतो, आणि मागचा शॉकअप स्वतःच्या दोन पायांतून तयार करतो. ज्या गुडघ्यांना खात्याने निवृत्त केले होते, त्यांना मी अशा रीतीने पुनर्नियुक्त केले. शिवाय चढावर मारलेले पॅडल मागच्या स्प्रिंगात मुरून जात नाही, आणि मागच्या सांध्यांचे बेअरिंगच नसल्यामुळे आमच्या चार महिन्यांच्या चिखलाला खाण्यासारखे त्या बाजूला फारसे काही उरत नाही.

या क्रीडेचा उगम सांगतात तो कॅलिफोर्नियातला. तेथे काही तरुण जुन्यापुराण्या जाडजूड सायकली टेकडीवर नेऊन खाली सोडत; तेव्हा शॉकअप पुढेही नव्हता आणि मागेही नव्हता. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत १,३०० फूट उतार. मागच्या हबमधल्या ब्रेकचे ग्रीस तापून धूर होऊन जाई आणि दर खेपेस हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे, म्हणून त्या उताराचे नावच 'रीपॅक' पडले. ही हकीकत मी कुळगावातील आमच्या वस्तादांना मोठ्या कौतुकाने ऐकवली. चाकाचा आऊट काढताना बोटाच्या टिचकीने तारेचा सूर ओळखणारे हे गृहस्थ, त्यांनी मान वर न करता विचारले, "म्हणजे ओव्हरहॉलिंगच ना, काका? छर्रे काढायचे, घासलेटात धुवायचे, ग्रीस भरायचे. त्यात अमेरिका कुठून आली?" 

साखळीबाबत मात्र वस्ताद माझे ऐकतात, कारण साखळी हा माझा प्रांत. सायकलीच्या साखळीची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची. चोवीस कड्यांचे बरोबर बारा इंच भरले पाहिजेत. वापराने साखळी लांबते, आणि बारा इंचांवर एक षोडशांश इंच गेला की ती बदलावी, दोन षोडशांश जाऊ दिले तर मागची चक्रेही सोबत बदलावी लागतात. एक आणा वाढला तर साखळीवर भागते, दोन आणे वाढले तर जप्ती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पोलादी पट्टी घेऊन ही मोजणी करतो आणि वहीत सही करतो. मोजणी खाते सुटले, साखळी सुटली नाही.

पहाटे जुन्या गावातून उल्हासचा पूल ओलांडून बारवी धरणाच्या रानाकडे, किंवा दुसऱ्या अंगाने भोजवरून कोंडेश्वराकडे, असे माझे दौरे असतात. चंदेरीचा सुळका धुक्यातून वर आलेला असतो आणि जांभळांच्या दिवसांत वाट जांभळी झालेली असते. गावनकाशात एकेरी तुटक रेषेने दाखवलेला पायमार्ग कागदोपत्री सव्वाआठ फूट रुंद असतो. जागेवर तो सव्वाआठ इंच असल्याचे मला निवृत्तीनंतर, चाकाखालून, प्रथमच समजले. मोजणीस गेलो तेव्हा मी जीपमधून जात असे.

गेल्या श्रावणात एका खाचराच्या कडेने येताना बांधावर बेडूक आडवा आला, मी पुढचा ब्रेक दाबला, पुढचे चाक आज्ञाधारकपणे थांबले, आणि मी थांबलो नाही. बांधावर उताणा, अर्धा या खातेदाराच्या चिखलात आणि अर्धा त्या खातेदाराच्या, असा मी पडलो असता लावणीतून डोके वर करून एका वृद्ध शेतकऱ्याने मला ओळखले. वीस वर्षांपूर्वी त्यांचाच गट मी मोजला होता. त्यांनी हात दिला नाही, आधी निरखून पाहिले आणि मोठ्या आस्थेने विचारले, "साहेब, हद्दकायमची मोजणी चाललीय का?"

त्या पतनात सीट वाकली, ती बदलली. फेरफार क्रमांक सतरा. मूळ सायकलीतील आता एकच वस्तू शिल्लक आहे, ती म्हणजे घंटी. ती वाजत नाही, परंतु मंडळींनी प्रश्न विचारला की मी तिच्याकडे बोट दाखवून "तीच" म्हणतो, आणि ते खोटे ठरत नाही.

एक अडचण उरली आहे. या सांगाड्याला सीटचा दांडा २७.२ मिलिमीटर जाडीचा लागतो आणि माझ्याजवळचा आहे २६.८ चा. वस्तादांनी शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून मध्ये गुंडाळून दिला आहे. तरी बारवीपर्यंत जाऊन येईतो सीट दोन बोटे खाली उतरते आणि परतताना माझे गुडघे हनुवटीशी बोलू लागतात. तरी कुळगाव, बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरच्या पाचही कँपांपैकी कोठेही, कोणा सद्गृहस्थाच्या माळ्यावर २७.२ चा दांडा पडून असल्यास कृपया कळवावे. मी येऊन घेऊन जाईन. घरी फोन करू नये.