खिडकी खालची, जागा मधली

जहाजावर जितकं वर जाल तितकं भाडं चढतं आणि पोटातलं ढवळणंही चढतं. क्रूझच्या जाहिरातीत यातली एकच बाजू दिसते. दहाव्या मजल्यावरची बाल्कनी, दोन खुर्च्या आणि एकही लाट नसलेला समुद्र.

मला हे खटकतं, कारण केबिन चुकली की शिक्षा घरातल्या सर्वांत नाजूक माणसाला होते. तरुण मंडळी अर्धी रात्र डेकवरच असतात. बोट लागते ती आजीला, कान-डोक्याचा त्रास असलेल्या काकांना, सहा वर्षांच्या नातीला. केबिन ठरवताना त्यांना कुणी विचारलेलंही नसतं.

जहाज मुख्यतः दोन तऱ्हांनी हलतं. त्याची पुढची-मागची टोकं वर-खाली होतात आणि अंग डावीकडे-उजवीकडे कलतं. टोकांचं वर-खाली होणं मध्यावर सर्वांत कमी जाणवतं. कलणं पाण्याच्या रेषेजवळ कमी आणि वरच्या मजल्यांवर जास्त. मोठ्या क्रूझ जहाजांना पाण्याखाली दोन्ही अंगांना पंख असतात. ते कलणं बरंच आवरतात, पण टोकांच्या उसळण्यावर त्यांची मात्रा चालत नाही. तेव्हा हिशेब सरळ आहे : मजला खालचा, जागा मधली. घाटातल्या एसटीत मागच्या चाकाच्याही मागची सीट कुणी मागून घेत नाही. तीच अक्कल समुद्रावर वापरायची. खालच्या मजल्यावरची खिडकी आपल्या वर्गात सहसा सर्वांत स्वस्त असते. मध्यभागासाठी काही कंपन्या थोडे जास्त घेतात. ते खुशाल द्या, पण उंचीसाठी देऊ नका.

हे शहाणपण जुनं आहे. 1912 सालच्या टायटॅनिकचा आराखडा बघा. पहिल्या वर्गाच्या खोल्या जहाजाच्या मध्यावर होत्या आणि तिसरा वर्ग दोन्ही टोकांना. एकटे पुरुष पुढे, कुटुंबं आणि एकट्या बायका मागे. पैसेवाल्यांना जहाजावर सर्वांत मोलाची वाटली ती स्थिर जागा. पुढे बाल्कनीचं युग आलं. 1984 मध्ये ‘रॉयल प्रिन्सेस’ निघाली तेव्हा तिच्यावरची प्रवाशांची एकूणएक केबिन बाहेरच्या बाजूला आहे, याचंच केवढं अप्रूप होतं. त्यानंतरच्या जहाजांवर बाल्कन्यांची अशी रीघ लागली की आज नव्या जहाजावर साधी खिडकीची केबिन शोधावी लागते. ती उरते ती बाल्कनी बसवता येत नाही अशा ठिकाणी : एक तर पुढच्या निमुळत्या टोकाला, नाहीतर पाण्याच्या जवळ खाली. पुढची सोडा, खालची धरा.

मुंबईकरांसाठी हा प्रश्न आणखी सोपा आहे. 2021 पासून मुंबईहून गोवा-लक्षद्वीपच्या वाटेला लागलेली कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची ‘एम्प्रेस’ मुळात 1990 सालची. फ्रान्समध्ये सेंट-नाझेरच्या गोदीत बांधलेलं हे जहाज तेव्हा ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून ओळखलं जाई. लांबी 211 मीटर, टनेज साडेअठ्ठेचाळीस हजारांच्या घरात. (टनेज हे वजन नसून आतल्या जागेचं माप आहे.) 2024 मध्ये निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चं टनेज याच्या पाचपट आहे. एम्प्रेस बाल्कन्यांच्या पुराआधीची, त्यामुळे तिच्यावर बहुतेक केबिन आतल्या, बिनखिडकीच्या किंवा खिडकीच्या. मध्यमवर्गीय कुटुंबापुढे खरा सवाल उरतो तो एवढाच : खिडकीसाठी जास्तीचे पैसे टाकावेत का?

टाकावेत. माझं मत स्पष्ट आहे.

बोट का लागते? कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण हलतो आहोत. डोळ्यांना मात्र समोर निश्चल भिंत दिसते. दोघांची साक्ष जुळत नाही आणि मळमळ सुरू होते. दूरच्या क्षितिजाकडे बघितलं की डोळेही हलणं कबूल करतात आणि पुष्कळांना बरं वाटतं. आतल्या केबिनमध्ये हा उपाय नाही. दिवा मालवला की दुपारी बारा आणि रात्री बारा सारखेच. काही जणांना त्या गच्च अंधारात उत्तम झोप लागते. त्यांनी जरूर आतली घ्यावी आणि पैसे वाचवावेत. पण ज्यांना बंद जागेत घाबरायला होतं, ज्यांना पहाटे उठून चहाच्या वेळेचा अंदाज घ्यायची सवय आहे, ज्यांच्या गोळ्यांची वेळ उजेडावर ठरते, त्यांना खिडकी हवीच. रात्री काचेबाहेर काळोख असतो आणि क्षितिज दिसत नाही. त्या वेळी उपयोगी पडते ती खालची, मधली, शांत जागा. म्हणून दोन्ही एकत्र मागायचं.

खिडकीकडून भलत्या अपेक्षा मात्र नकोत. ती उघडत नाही. खालच्या मजल्यांवर ती बहुधा गोल आणि छोटी असते, काचेवर खारं पाणी सुकून डाग पडतात, समुद्र फारच खवळला तर आतून पोलादी झाकण लावून ती बंद करतात. ताजी हवा हवी असेल तर डेकवर जा. तो सगळ्या भाड्यात आलेलाच असतो. दोन-तीन रात्रींच्या मुंबई-गोवा फेरीत दमट खारा वारा खायला वेगळी बाल्कनी विकत घेणं मला उधळपट्टी वाटते. नॉर्वेचे फ्योर्ड किंवा अलास्काच्या हिमनद्या बघायला निघालात आणि खिसा साथ देत असेल, तर गोष्ट निराळी. तिथे तासन्‌तास बाहेर बघत बसावं असं खरोखर काही असतं.

आता ‘ओशन व्ह्यू’ या छापील शब्दांकडे या. हा वर्ग आहे, जागा नव्हे. या एका नावाखाली उत्तम खिडकीही विकली जाते आणि लाइफबोटीच्या पोटाकडे बघणारी खिडकीही. लाइफबोटी जहाजाच्या बाजूने ओळीने टांगलेल्या असतात आणि त्या मजल्यावरच्या खिडक्यांपुढे समुद्राऐवजी नारिंगी भिंत येते. प्रामाणिक कंपनी ‘दृश्य अडलेलं’ असं स्वच्छ लिहिते आणि भाडं कमी करते. तशी केबिन वाईट नाही. उजेड येतो, दिवस-रात्र कळते. नुसत्या उजेडासाठी खिडकी हवी असेल तर हा चांगला सौदा आहे. फक्त तो डोळे उघडे ठेवून करायचा, जहाजावर चढल्यावर पडदा बाजूला सारून नव्हे.

दुसरा प्रकार, खिडकीबाहेर फिरायची वाट. काही जहाजांवर एका मजल्यावर बाहेरून भोवताली चालता येतं. सकाळी पावलं मोजत चालणारी मंडळी तुमच्या उशाजवळून जातात. काच दिवसा बाहेरून दिसणार नाही अशी असली, तरी रात्री आत दिवा लागला की पडदा ओढावाच लागतो. तिसरा प्रकार परदेशी बड्या जहाजांवरचा, खिडकी आहे पण समुद्र नाही. 1999 च्या ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’वर काही केबिनच्या खिडक्या जहाजाच्या आतल्या बाजारपेठेत उघडतात. 2009 च्या ‘ओअॅसिस ऑफ द सीज’वर काही बाल्कन्या आतल्या बागेवर आहेत. 2011 च्या ‘डिस्ने ड्रीम’ने तर बिनखिडकीच्या केबिनमध्ये गोल पडदे बसवले आणि त्यांवर बाहेरच्या कॅमेऱ्यातला समुद्र दाखवला. मुलांना ते फार आवडतं. तुम्ही मात्र पैसे कशाचे देताय ते बुकिंगआधी वाचा.

यापुढचं काम नकाशाचं आहे. प्रत्येक जहाजाचा डेक प्लॅन मिळतो आणि तो वाचायला खलाशी असावं लागत नाही. आपल्या केबिनच्या डोक्यावर काय आहे आणि पायाखाली काय आहे, एवढं बघा. दोन्हीकडे केबिन असतील तर निवांत झोपा. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा खरखराट. वर मुदपाकखाना असेल तर ट्रॉल्यांचा खडखडाट. खाली नाट्यगृह किंवा नाचाची जागा असेल तर ढोलकाचे ठोके गादीपर्यंत पोहोचतात, आणि आपल्याकडच्या सहलींत डीजे लवकर थांबत नाही. पुढच्या टोकाला, पाण्याजवळ, बंदरात शिरताना जहाज आडवं सरकवणारी यंत्रं पहाटेच घुमू लागतात. लक्षद्वीपला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, दूर नांगर टाकून लोकांना छोट्या होड्यांतून नेतात. नांगराच्या साखळीचा आवाज एकदा ऐकलेला माणूस पुन्हा पुढची केबिन घेत नाही. मागच्या टोकाला जहाज ढकलणाऱ्या पंख्याची थरथर. दोन केबिनच्या मध्ये दार असेल तर शेजाऱ्यांचा टीव्ही ऐकू येतो. तेच दार दोन खोल्यांत राहणाऱ्या एका कुटुंबाला मात्र वरदान.

बाजूचा प्रश्न लोक उगाच फार चघळतात. मुंबईहून गोव्याकडे जाताना किनारा डाव्या हाताला आणि मावळतीचा सूर्य उजव्या हाताला. परतताना उलट. जाऊन-येऊन सहल असेल तर दोघांचा हिशेब फिटतो, आणि जहाज इतकं आत समुद्रात असतं की कोकणपट्टी खिडकीतून क्वचितच ओळखू येते. एकाच दिशेचा प्रवास असेल तरच बाजू मागून घ्या.

हे सगळं सांगायचं खरं कारण वेगळं आहे. दर उन्हाळ्यात आपल्याकडची कितीतरी आई-वडील मंडळी मुलांकडे अमेरिकेला जातात, आणि मुलगा किंवा मुलगी हौसेने त्यांना अलास्काच्या नाहीतर कॅरेबियनच्या क्रूझवर घेऊन जाते. त्या हौसेला माझा मनापासून नमस्कार. पण बुकिंग होतं ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, फोनवर, जे पहिलं दिसेल ते. मग आई-बाबांना मिळते वरच्या मजल्यावर पुढच्या टोकाची बाल्कनी, लिफ्टपासून लांबच लांब बोळाच्या शेवटाला. गुडघे दुखणारी बाई दिवसातून चार वेळा तो बोळ तुडवते. बाल्कनीत वाऱ्यामुळे बसवत नाही. रात्री पलंग उसळतो. आणि “एवढा खर्च केलाय पोराने” म्हणून ती कुणाला काही सांगत नाही. अरे बाबांनो, त्याहून कमी पैशात खालची, मधली, लिफ्टपासून चार-पाच दारं सोडून असलेली खिडकी मिळाली असती. लिफ्टला अगदी लागून नको, तिथे रात्रभर बोलणी चालतात. न्हाणीघराला उंबरा आहे का, दोन पलंग वेगळे होतात का, हे विचारा. बऱ्याच जहाजांवर होतात. तिसरं-चौथं माणूस असेल तर त्याचा पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली येतो आणि शिडी चढावी लागते. ती जागा आजोबांची नव्हे.

भाड्याचे सापळे थोडक्यात. जाहिरातीतला आकडा माणशी असतो आणि एका केबिनमध्ये दोघं धरून असतो. एकटं माणूस गेलं तर अनेकदा जवळजवळ दोघांचं भाडं भरतं. बंदराचे आकार, कर आणि सेवकांची बक्षिसी त्यावर वेगळी लागू शकते, म्हणून शेवटचा आकडा लेखी घ्या. ‘गॅरंटी’ नावाची केबिन स्वस्त असते, कारण त्यात वर्गाची हमी असते आणि जागा कंपनी ठरवते. पंचविशीतल्या चौघा मित्रांनी ती बिनधास्त घ्यावी. बोट लागणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. आणि फुकटच्या ‘अपग्रेड’ला हुरळून जाऊ नका. खालच्या मध्यावरून उचलून वरच्या टोकाला बसवलं, तर कागदावर वर्ग वाढला आणि रात्र वाया गेली. निवडलेली केबिन बदलू नका, असं बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा.

सहल कंपन्यांना मात्र थेट विचारायचं आहे. तुमच्या गटातल्या प्रत्येक माणसाचं वय तुमच्याकडे नोंदलेलं असतं. मग केबिनचं वाटप नाव पुकारून, चढायच्या दिवशी, हातात येईल ते कार्ड देऊन का होतं? साठीपुढच्यांना खालच्या, मधल्या, लिफ्टजवळच्या खिडक्या आधी द्या आणि टोकाच्या नि वरच्या केबिन तरुणांना. पैसे घेतल्यावर पावतीवर केबिनचा नंबर लिहा. नंबर ठरायचा असेल तर निदान मजला आणि जहाजाचा भाग लिहा. याला एक रुपयाही जास्त पडत नाही. गटाची यादी आणि डेक प्लॅन शेजारी-शेजारी ठेवून कुणीतरी एक संध्याकाळ बसायला हवं, आणि ते काम निघायच्या आठ दिवस आधी करता येतं.