वजनदार माणूस

भाऊंच्या कानामागे टेस्टर असतो, सुताराच्या कानामागे पेन्सिल असते तसा. कमरेला डॉक्टरांनी दिलेला रुंद पट्टा, शर्टाच्या खिशात काळ्या टेपचं बंडल आणि समोरचे दोन दात किंचित झिजलेले, कारण वायर सोलायची पक्कड ऐन वेळी कधीच सापडत नाही. नारायणगावापासून नगरपर्यंत कुठल्याही गावात असे एक भाऊ असतातच. छोटा हत्ती टेम्पो, दोन बेस आणि दोन टॉप स्पीकर, एक मिक्सर, चार लाइटा आणि लॅपटॉपसकट पुतण्या एवढ्या भांडवलावर हळद, साखरपुडा, बारसं, शाळेचं गॅदरिंग आणि सरपंचांचा वाढदिवस वाजवून द्यायचा हा धंदा. फ्लेक्सवर नावापुढे ‘साउंड किंग’. घरात टीव्हीचा रिमोट मात्र आईकडे.

अँप्लिफायर हा शब्द भाऊ उच्चारत नाहीत. ती ‘मशीन’. आणि तीन वर्षं भाऊ नवीन मशीन घेत होते. घेतली नव्हती, घेत होते. चहाच्या टपरीवर, मयताच्या मागे चालताना, दाढी करताना एकच विषय. मी शाळेत सायन्स शिकवायचो, म्हणून मलाही पकडायचे. “सर, ओम बघून घ्यावी ना मशीन?”

ओम म्हणजे ओहम. आठ ओम, चार ओम असं भाऊ फोनवर दिवसभर बोलतात. त्यांच्या आईने एकदा मला कौतुकाने सांगितलं होतं, “पूर्वी देवाचं नाव घेत नव्हता. आता बघा.”

चेष्टा सोडा, पण हे शास्त्र भाऊंना माझ्यापेक्षा बरं समजतं. वर्गात मी सूत्र लिहायचो, पोरं जांभया द्यायची. भाऊ म्हणतात, “ओम जितका कमी, तितका मशीनला घाम जास्त.” आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की चार ओहम, चार जोडले की दोन. बऱ्याच स्वस्त मशीन दोन ओहमवर एक तर लाल दिवा लावून गप्प बसतात, नाहीतर कायमच्या गप्प होतात. एका बैलाला चार नांगर जुंपून बैलालाच शिव्या देणारे लोक धंद्यात पुष्कळ आहेत, असं भाऊंचं मत. स्वतः भाऊ त्यातलेच, पण ते अडीअडचणीला.

ती अडचण गेल्या वैशाखात आली. एका हळदीला मांडव मोठा निघाला, म्हणून भाऊंनी मित्राचे दोन बेस मागवून त्याच मशीनवर चढवले. जनरेटरवर लाइटा, कूलर आणि आचाऱ्याचा मिक्सर. 230 व्होल्टच्या जागी काटा 170 वर. ऐन नाचात मशीनमधून जळक्या वार्निशचा वास आला आणि शंभरएक माणसं हात वर करून तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी भाऊंनी ओट्यावर झाकण उघडलं, तेव्हा मी हजर होतो. पंख्याच्या पात्यांवर गुलालाचा थर, खाली हळद, कागदी चमकी, अक्षतांचे तांदूळ आणि मुंडावळीचा एक मोती. पंधरा लग्नसराया त्या डब्यात साठल्या होत्या. ट्रान्झिस्टरची अख्खी रांग उडाली होती. ट्रान्सफॉर्मर तेवढा शाबूत. भाऊंनी त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तांबं आहे सर. असं वजन आता येत नाही.”

भाऊंची सगळी पारख ‘वजन’ या शब्दावर उभी आहे. मशीन दाखवली की ते आधी वाकतात, दोन्ही हातांनी उचलतात आणि कण्हतात. कण्हणं जेवढं खोल, तेवढी मशीन विश्वासाची. त्यांची जुनी मशीन 28 किलोंची होती. कमरेचा पट्टा तिचाच.

शेवटी बजेट ठरलं, 30 हजार, आणि मला घेऊन भाऊ आणि पुतण्या एसटीने पुण्याला निघाले. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. तिथे दुकानदार गिऱ्हाइकाच्या चपलांवरून बजेट ओळखतो. त्याने मशीन काउंटरवर ठेवली. “तीन हजार वॉट.”

“आरएमएस?” भाऊंनी विचारलं.

“पीक.”

“म्हणजे वाजत राहील किती?”

दुकानदाराने चहा मागवला. हा सगळ्या गोष्टीतला कळीचा प्रश्न होता, आणि चहा आला म्हणजे उत्तर सोयीचं नव्हतं. पूर्वी चिमुकल्या टेपरेकॉर्डरवर हजार वॉट पीएमपीओचं स्टिकर असायचं आणि आवाज डब्यात माशी अडकल्यासारखा. पीक हा त्याच घराण्यातला. सततचा, म्हणजे आरएमएस आकडा, तोही किती ओहमवर, दोन्ही चॅनल एकदम चालू असताना, हे विचारलं की तीन हजारांचे आठशे व्हायला वेळ लागत नाही.

मग दुकानदाराने दुसरी काढली. पुस्तकाएवढ्या जाडीची, क्लास डी. भाऊंनी सवयीने दोन्ही हात घातले, जोर लावला आणि मशीन थेट छातीशी आली. सहा किलो. भाऊंचा चेहरा पडला.

“डी म्हणजे डिजिटल,” दुकानदार म्हणाला. ते खोटं आहे. ए, बी, सी झाल्यावर पुढचं अक्षर डी, एवढंच. पण मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाले, “शेठ, मी शाळेत ड तुकडीत होतो. ड तुकडीचा भरवसा मला नका सांगू.”

पुतण्याने समजावलं. जुन्या पद्धतीची मशीन घेतलेल्या विजेतली निम्मी-अर्धी उष्णतेत घालवते. ही दहातले नऊ भाग स्पीकरकडे पाठवते. म्हणून हिला मोठं ॲल्युमिनियम लागत नाही, जनरेटर हाशहुश करत नाही. मीही भर घातली, की वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबल वाढतो, कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. तेव्हा आकड्यामागे पळण्यापेक्षा तेवढ्याच वॉटमध्ये जास्त बोलणारा स्पीकर घ्यावा. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. “सर, हे तुमच्या वहीत बरोबर आहे. नवरदेवाच्या मामाला वही दाखवता येत नाही.”

तरी परीक्षा घेतलीच. आधी गाणं न लावता आवाज पूर्ण वर करून स्पीकरला कान लावला, रिकामी मशीन गुणगुणते का पाहायला. मग ढोलकी लावली, डोळे मिटले. थाप आणि चाट वेगवेगळी ऐकू येतेय ना. मग आवाज लाल दिवा लुकलुकेपर्यंत नेला आणि लगेच खाली. तो दिवा भाऊ देवाच्या दिव्यासारखा जपतात, कारण छोटी मशीन ताणून वाजवली की आवाजाची टोकं कापली जातात आणि आधी टॉप जळतात. पुष्कळांना वाटतं मोठ्या मशीनने स्पीकर जळतो. जळतो, पण गावोगावचे टॉप लहान मशीननेच जास्त मारलेत. शेवटी भाऊंनी मागच्या जाळीपुढे तळहात धरला, दोन मिनिटं, ताप बघणाऱ्या आईसारखा.

दुरुस्ती इथेच होते का? पार्ट मिळतो का? बिल पक्कं का? तीन होकार मिळाले. 28 हजारांना सौदा झाला. एसटीत भाऊंनी मशीन मांडीवर घेतली होती आणि गप्प होते.

पहिल्या दोन सुपाऱ्या वाईट गेल्या. वाजली फक्कड, पण टेम्पोतून पुतण्याने मशीन एका हातात आणली तेव्हा यजमान म्हणाले, “एवढ्याशा डब्याचे बारा हजार?” दीड हजार कापले. दुसऱ्या ठिकाणी दोन.

तिसऱ्या हळदीला मीही जेवायला होतो. टेम्पो लागला, भाऊ आणि पुतण्या दोघांनी मिळून जुनी 28 किलोंची मशीन उतरवली, कण्हत, पाय फाकवून, “बाजूला व्हा, बाजूला व्हा” करत. मी चक्रावलो. जवळ जाऊन जाळीतून पाहिलं. मेलेल्या मशीनचा सगळा ऐवज काढून आत नवी सहा किलोंची बसवली होती. शेजारी जुना ट्रान्सफॉर्मर तसाच, वायर कशालाच नाही. पंखा मात्र धुऊनपुसून चालू.

आवाज सुरेख होता. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल हा नियम सन 2000 पासून आहे. मांडवातल्या दोन विहिणींनीच तो साउंड लागायच्या आधी मोडला होता. रात्री दहाला मात्र भाऊंनी स्वतः बटण बंद केलं. पोलीस पाटील समोर जेवत होते.

हिशेबाला नवरदेवाचे मामा आले. घासाघीस करायच्या तयारीने त्यांनी मशीनवर हात टेकला, सहज एक कोपरा उचलून पाहिला आणि सोडला.

“वजन आहे,” मामा म्हणाले आणि पूर्ण बारा हजार मोजले.

भाऊंनी नोटा पट्ट्याच्या आत सरकवल्या. “धरा सर एक बाजू,” ते मला म्हणाले, “मामा बघतायत. जरा कण्हा.”