टाकी आणि खटका

सोसायटीच्या गणपतीच्या स्मरणिकेत माझी कविता छापून आली. वर दंतवैद्याची जाहिरात, खाली फरसाणवाल्याची, मध्ये मी. कवितेचं नाव 'टाकी'. मे महिन्यात तीन दिवस पाणी आलं नव्हतं, तेव्हा चिडून लिहिलेली. टाकी रिकामी, मटका कोरडा, हातात बादली. इतकंच.

चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनी मला लिफ्टमध्ये गाठलं. "रिकामी टाकी म्हणजे देवानं सोडून दिलेलं आकाश. आणि बादली म्हणजे तुम्ही स्वतः!" कुणी तोंडावर बादली म्हटलं तर माणसानं रागवावं. मी मान तिरकी केली, डोळे अर्धवट मिटले आणि म्हणालो, "बरोबर पकडलंत, सर." तळमजला येईपर्यंत मी अस्तित्ववादी झालो होतो.

घरी बायकोनं कविता वाचून एवढंच विचारलं, "पाण्याच्या 'मटक्या'शी जुळावा म्हणूनच हा 'खटका' आणलास ना? आणि आपल्याकडे माठ आहे."

घरच्या समीक्षेला उत्तर नसतं.

'कवीला काय म्हणायचे आहे?' या शाळेतल्या प्रश्नावर माझा जुना राग आहे. जणू कवीच्या तोंडात पान होतं आणि चार गुणांसाठी आपण त्याची बाजू मांडायची! पण आता मला स्वतःच्या कवितेवर तो प्रश्न हवासा वाटू लागला. मर्ढेकरांच्या कवितेतले उंदीर किती जणांनी उलटेपालटे करून पाहिले! विजयाबाई राजाध्यक्षांचा मर्ढेकरांच्या कवितेवरचा अभ्यास दोन खंडांचा, त्याला १९९३ चा साहित्य अकादमी पुरस्कार. मला एक खंडही चालला असता. केशवसुतांच्या 'झपूर्झा'चा अर्थ १८९३ पासून विचारला जातोय, आणि तो शब्द म्हणे झिम्मा खेळणाऱ्या पोरींच्या 'जा पोरी जा'मधून आला. भरभर म्हणून बघायचं. मी लिफ्टमध्ये म्हणून बघितलं. पाचव्या मजल्यावरच्या बाई मध्येच उतरून जिन्यानं गेल्या.

खरं तर कवी आणि वाचक यांची गाठ कशी पडते हे कळायला माझ्यासारख्या अंधेरीकराला पुस्तकं लागत नाहीत. त्याला गोखले पूल पुरे. २६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली आणि सगळ्यांना दिसलं की शेजारचा बर्फीवाला पूल खालीच राहिलाय. दोघे अगदी जवळ, पण उंचीत चांगलाच फरक. तेव्हा मी दूध आणायच्या निमित्तानं रोज तिकडे जायचो. बघ्यांत दोन पक्ष होते: गोखले उर्मट म्हणणारे आणि बर्फीवाला आळशी म्हणणारे. मला मात्र वर कवी उभा दिसायचा आणि खाली वाचक. एकानं यायचं कसं, दुसऱ्यानं जायचं कसं? शेवटी जॅक लावून बर्फीवाला वर उचलला आणि जुलैत दोन्ही जुळले. म्हणजे उचललं वाचकालाच! कवी एक इंच खाली आला नाही. मी खूश होऊन घरी आलो, दूध विसरून.

तर, माझ्या कवितेचा तिसरा वाचक म्हणजे तळमजल्यावरच्या काकू. विसर्जनाच्या संध्याकाळी हातात वाटली डाळ देत म्हणाल्या, "ह्यांच्यावरच लिहिलीस ना?"

काका गेल्या वर्षी गेले. वीस वर्षं पहाटे साडेचारला उठून पंप तेच लावायचे. ना पगार, ना कमिटीत नाव. आम्ही सातला नळ सोडायचो आणि पाणी यायचं, एवढाच आमचा त्यांच्याशी संबंध. कवितेत ते कुठेच नव्हते. पण 'पहाटे खाली कुणी दाबत नाही खटका' अशी एक ओळ होती खरी. यमकासाठी आलेली तीच.

"हो काकू," मी म्हणालो. या वेळी मान तिरकी केली नाही. प्राध्यापकांशी खोटं बोललो होतो हे मला पक्कं ठाऊक आहे. काकूंशी बोललो का, ते अजून ठरत नाही.

परवा पंपाच्या खोलीत गेलो. खटक्याशेजारी कविता सेलोटेपनं चिकटवलेली. फरसाणवाला कापलाय, दंतवैद्य अर्धा राहिलाय. 'मटका'वर काट मारून काकूंनी निळ्या पेनानं 'माठ' केलंय. यमक पार बिघडलंय.

मी दिवा मालवून बाहेर आलो.