वर्षावास

बुद्धाच्या भिक्खूंना पावसाळ्यात फिरायला बंदी होती. इतर ऋतूंत गावोगाव चालत राहायचं, पण आभाळ भरून आलं की एका जागी थांबायचं. ओल्या वाटांवर कोवळी रोपं तुडवली जातात, किडामुंगी पायाखाली येते, म्हणून तीन महिने पाय आवरून बसायचं. त्या बसण्याला वर्षावास म्हणत. आमच्या मावळात कार्ले, भाजे, बेडसे इथल्या डोंगरांत जी लेणी कोरली गेली, ती मुख्यतः या बसण्यासाठी. आज दोन हजार वर्षांनी पहिला दणकून पाऊस झाला, की मुंबई आणि पुणे दोन्हीकडून माणसं निघतात, द्रुतगती मार्गावर तासन् तास अडकतात, कुणाच्या तरी भातखाचरात गुडघाभर उतरून फोटो काढतात आणि शेवटी ओलीचिंब होऊन ती लेणी बघायला जातात, जिथे माणसं पावसात कुठेही जायचं नाही म्हणून बसली होती. डोंगराला आठवण असेल तर तो यावर अजून हसत असावा. पावसाळ्यात त्याच्या अंगावरून जागोजाग जे पाणी वाहतं, ते हसून हसून डोळ्यांत आलेलं असावं अशी मला दाट शंका आहे.

मावळात घर असणं म्हणजे आषाढ-श्रावणात पाहुणे असणं. वडील होते तोवर पाहुण्यांना हिंडवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. ते पाहुण्यांना लोहगडावर नेत आणि विंचूकाट्याच्या टोकापर्यंत चालायला लावत, मग पाहुणे उरलेला मुक्काम गुडघ्यांना तेल लावण्यात काढत. गेल्याच वर्षी, २०२५च्या जुलैत, लोहगड इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हा मला पहिल्यांदा त्या गुडघ्यांची आठवण झाली. वडिलांमागून ते खातं माझ्याकडे आलं. मी मवाळ माणूस आहे. मी टॅक्सी करतो.

तशी ती आत्यासाठी केली. आत्या अमरावतीची, वऱ्हाडातल्या उन्हाने बांध्याला आणि बोलण्याला सारखाच कडकपणा आलेला. तिचा जावई नोकरीनिमित्त काही वर्षं नैरोबीला होता, तेव्हा ती तिकडे जाऊन आली होती. त्या शहराच्या अगदी कडेला १९४६ सालापासून राष्ट्रीय उद्यान आहे. जिराफ चरत असतो आणि त्याच्या मानेमागे उंच इमारती दिसतात. गवतात सिंह बसलेला असतो, खराखुरा. आत्याने तो गाडीच्या काचेतून पाहिला होता आणि त्याच्याविषयी ती शेजारच्या वाड्यातल्या म्हाताऱ्याबद्दल बोलावं तसं बोलत असे. ‘‘दिवसभर झोपते बिचारा.’’ अशा बाईला लोणावळा दाखवायचं म्हणजे कठीण काम.

स्टेशनाबाहेर टॅक्सीवाल्यांजवळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक यादी असते. तीत पॉइंट असतात. आमच्याकडे डोंगर, तळं, बाग, देऊळ, धरण, कडा असं काही नसतं, सगळे पॉइंट. आमच्या ड्रायव्हरने यादीवर बोट फिरवून सांगितलं, ‘‘धुकं असेल तर दिसेलच असं नाही बरं का, आजी. पैसे तेवढेच.’’ मला हा करार फार प्रामाणिक वाटला. लग्नाच्या वेळी भटजीही इतकं स्पष्ट सांगत नाहीत.

लायन्स पॉइंटला गाडी थांबली. आत्याने काच खाली करून विचारलं, ‘‘सिंह कुठाय?’’

‘‘सिंह नाही आजी. नुसता पॉइंट.’’

‘‘अन् तो पुढचा, टायगरवाला?’’

‘‘तिथं भजी चांगली मिळतात.’’

टायगर पॉइंटला दरी नव्हती. म्हणजे असणारच, पण तिच्यावर कुणीतरी अजून न लिहिलेलं पान अंथरून ठेवलं होतं. कठड्याला टेकून शेदीडशे माणसं त्या पांढऱ्या पानाकडे टक लावून उभी होती. काहीजण त्याचे फोटो काढत होते. एक तरुण व्हिडिओ कॉलवर कुणाला तरी धुकं दाखवत होता, ‘‘दिसतंय का? दिसतंय?’’ असं विचारत होता, आणि पलीकडून ‘‘हो, हो’’ असं येत होतं. मक्याची कणसं भाजणाऱ्या बाईच्या शेगडीचा धूर तेवढा धुक्यापेक्षा वेगळा दिसत होता, कारण तो निळा होता. आमचा ड्रायव्हर मात्र धंद्याला जागला. त्याने त्या शुभ्र शून्यात बोट रोखून समोर काय काय आहे ते सांगितलं. कडा सांगितला, खालचं कोकण सांगितलं, उंबरखिंड सांगितली. १६६१च्या फेब्रुवारीत कारतलबखान मोठी फौज घेऊन याच भागातून कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरला आणि खिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला गाठला. हे ऐकून आत्या म्हणाली, ‘‘त्यालेही दिसलं नसंन काही.’’ फेब्रुवारीत धुकं नसतं, पण खानाच्या बाबतीत तिचं म्हणणं बरोबर होतं.

बघण्याच्या हौसेपायी मावळात जिवाला मुकलेला एक माणूस मला नेहमी आठवतो. १७७९च्या जानेवारीत इंग्रजांची फौज राघोबादादांना गादीवर बसवायला बोरघाट चढून आली. तीत कॅप्टन स्टुअर्ट होता. मराठ्यांनी त्याच्या धिटाईवर खूश होऊन त्याचं नाव ‘इष्टुर फाकडा’ ठेवलं, आणि शत्रूने ठेवलेलं नाव आईबापांनी ठेवलेल्या नावापेक्षा जास्त टिकलं. कार्ल्याजवळ मराठ्यांची फौज नीट दिसावी म्हणून तो झाडावर चढला. तेवढ्यात तोफेचा गोळा आला. पुढे त्याच्या फौजेने वडगावला शरणागती पत्करली. त्याची समाधी आमच्या लोकांनी वडगावात सांभाळली, तिला हात जोडले, नवसही बोलले. गादीच्या लढाईत कुठल्या बाजूचा होता हे विसरून, परमुलखात झाडावर चढलेल्या एका पोराचं वाईट वाटून घेणारं गाव मला कुठल्याही पॉइंटपेक्षा बघण्यासारखं वाटतं. यादीत ते नाही.

कार्ल्याला आत्या आधी एकवीरेपुढे वाकली. देवीचं देऊळ लेण्याच्या अगदी दारात आहे. किनाऱ्यावरून आलेले कोळी बांधव मोठ्या आवाजात गात होते, आणि त्यांच्या गुलालाच्या वाऱ्यातून आम्ही चैत्यगृहात शिरलो. आत एकदम गार. देशातलं हे सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह. छताला लाकडाच्या कमानी आहेत, त्या मूळच्याच, दोन हजार वर्षांच्या. दगडाला आधार नको असतो, तरी लाकडी घराची सवय असलेल्या माणसांनी त्या बसवल्या. मोठ्या शहरात बंगला बांधूनही ओसरी ठेवणाऱ्या माणसांसारखं ते मला वाटतं. मी आत्याला खांब दाखवले, खांबांवर ज्यांची नावं आहेत ते दाते सांगितले. धेनुकाकटचे यवन, म्हणजे ग्रीक वंशातले लोक. दाराच्या कामाला पैसे देणारा सिंहदत्त नावाचा अत्तरवाला. वैजयंतीचा शेठ भूतपाल, ज्याने हे शैलगृह अख्ख्या जंबुद्वीपात उत्तम आहे असं स्वतःच दगडात कोरून ठेवलं. आजकाल हॉटेलांखाली जे अभिप्राय लिहितात, त्यातला हा फार जुना आणि तितकासा खोटा नसलेला.

आत्या सगळं ऐकत होती. मग तिने मान वर करून त्या प्रचंड कमानीकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘एवढी माणसं इथं पावसात तीन महिने बसे. अन् सैपाक कोण करे?’’

मी लेण्यांवरची पुस्तकं वाचली आहेत. त्यांत स्तूपाचा घेर आहे, खांबांवरच्या हत्तींची बैठक आहे, लिपीचं वय आहे. हा प्रश्न कुणाला पडलेला माझ्या वाचनात नाही. अर्धं उत्तर मात्र तिथेच भिंतीवर कोरलेलं आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने करजिक नावाचं एक गाव या लेण्यांना दान दिलं, इथे वर्षावास करणाऱ्यांच्या निर्वाहासाठी. आणि तो कुठल्या पंथाचा, कुठून आला हे बघायचं नाही असंही सांगून ठेवलं. मी आत्याला सांगितलं की शिधा जावयाने दिला. तिला ते पटलं. जावयांबद्दल तिचं मत मुळातच चांगलं. ‘‘शिधा जावयानं देल्ला,’’ ती म्हणाली, ‘‘पण रांधे कोण?’’ त्याचा लेख नाही. खाली कुठल्यातरी घरात ओल्या लाकडांवर फुंकर मारत एक बाई मूठभर तांदूळ जास्त टाकत असणार, आणि भिक्षेला आलेल्या माणसाकडे न बघता पावसाकडे बघून काहीतरी पुटपुटत असणार. आत्या खांबाला टेकून जरा वेळ बसली. गुडघे दुखत होते म्हणून, असं ती म्हणाली.

पुढचे पॉइंट भराभर झाले. भुशीला पायऱ्यांवरून पाणी ओसंडत होतं आणि पाण्यात माणसं ओळीने बसली होती. हे धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी बांधलं. इंजिनं गेली, त्यांच्या वाटचं पाणी आता लोक अंगावर घेतात. २०२४च्या जूनमध्ये तिथल्या धबधब्यात एका कुटुंबातली माणसं वाहून गेली, तेव्हापासून पोलिसांच्या शिट्ट्या जास्त कडक झाल्या आहेत, आणि त्या असाव्यात. नंतर मेणाच्या पुतळ्यांचं एक दालन. मला या ठिकाणी एक गोष्ट जाणवते: आमच्याकडचं बाकी सगळं दुसऱ्याच कशासाठी तरी झालेलं आहे, कुणी बसायला केलं, कुणी लढायला, कुणी इंजिनाला पाणी पाजायला. केवळ बघण्यासाठी केलेले असे हे पुतळेच. आत्या एका नटासमोर बराच वेळ उभी राहिली आणि शेवटी तिने पायाजवळची पाटी वाचली. नैरोबीच्या संग्रहालयाच्या अंगणात अहमद नावाच्या हत्तीची प्रतिकृती आहे. तो जिवंत असताना केनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी खास फर्मान काढून त्याला संरक्षण दिलं होतं. ‘‘तो हत्ती ओळखू तरी येत होता,’’ आत्या म्हणाली.

परतताना नागफणीकडे वळलो, आणि कुरवंडे गावाजवळ मी सहज बोलून गेलो की इंद्रायणी इथेच कुठेतरी उगम पावते. आत्याने गाडी थांबवायला लावली. ती आळंदीची वारकरी. तिने इंद्रायणी पाहिली होती ती घाटाखालून वाहणारी, दिंड्यांची, दिव्यांची. इथे एक ओहोळ होता. गवतातून येत होता, एक म्हैस त्यात उभी होती, आणि तिला त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. याच खोऱ्यातलं बरंचसं पाणी पुढे वळवणच्या धरणात अडतं आणि १९१५ सालापासून घाटाखाली खोपोलीला जाऊन वीज करतं, हे मी सांगितलं.

‘‘म्हणजे माउलीची अर्धी नदी मुंबईत दिवे लावाले जाते?’’

‘‘अर्धी नाही. थोडी.’’

‘‘जाऊ दे. दिवेच लावते ना.’’ तिने चपला काढल्या, पदर खोचला, म्हशीला ‘‘सरक माय’’ म्हटलं, आणि ओंजळभर गढूळ पाणी डोळ्यांना लावलं. इतका वेळ गाडीत बसून असलेला ड्रायव्हर छत्री घेऊन खाली उतरला आणि तिच्या डोक्यावर धरून उभा राहिला.

‘‘याचे किती?’’ परत गाडीत बसताना आत्याने विचारलं.

‘‘याचे नाही घेत, आजी. हा पॉइंट नाही.’’

‘‘मंग उद्या पुन्हा इथंच आण,’’ आत्या म्हणाली.