तात्यांच्या खांद्यावर

"भूतबीत काही नसतंय, लेकरांनो. समदे मनाचे खेळ!" असं ठासून सांगणारे आमचे तात्या जन्मात कधी एकटे अंधारात गेले नाहीत.

केजच्या आमच्या गल्लीत टीव्ही एकच, आमचा. १९८५ साली रामानंद सागरांची 'विक्रम और बेताल' दूरदर्शनवर सुरू झाली आणि दर रविवारी तात्या पहिल्या रांगेत. मी माळवदावर अँटेना फिरवायचो, खालून तात्यांची आरोळी, "मुंग्या! अजून मुंग्याच!" पण मुंग्या गेल्या, विक्रम झालेला अरुण गोविल प्रेत खांद्यावर टाकून निघाला आणि पांढऱ्या जटांचा बेताल झालेला नट सज्जन खदाखदा हसू लागला, की तात्या मान खाली घालून तंबाखूची डबी शोधायचे. डबी हातातच असायची.

मालिका उजेडी संपायची. पण मागोमाग सिनेमा, मग बातम्या. तोवर बाहेर मिट्ट काळोख. तात्या उठत. "चल रे, माझ्या घरापर्यंत. तुझं भ्याव मोडाया पाहिजे."

घर शंभर पावलांवर. मध्ये एक चिंच. मला ते खांद्यावर घेत. राजानं तोंड उघडलं की बेताल उडून जातो, हे त्यांना पाठ होतं. तरी वाटभर तोंड थांबायचं नाही. ज्वारीचा भाव, धनेगावच्या धरणाचं पाणी, मारुतीस्तोत्राचा आठवेल तो तुकडा. चिंचेखाली तर आवाज असा चढे, की गल्लीतली कुत्री उठत.

त्यांच्या दारात मी विचारायचो, "तात्या, आता मी एकटा कसा जाऊ?"

शूर माणसाला यावर उत्तर नसतं. पुन्हा खांदा, पुन्हा चिंच, पुन्हा ज्वारीचा भाव. आमच्या दारात आल्यावर तोच प्रश्न त्यांना पडे. फक्त विचारायची सोय नसे. "अजून भ्याव गेलं नाही तुझं. चल, आणखी एक फेरी."

वेताळाच्या गोष्टी पंचवीस. आमच्या फेऱ्या तिसरीलाच थांबत, कारण तोवर आईनं ओसरीवर वाकळ टाकलेली असे.

"लेकरू लई भ्यालंय, वहिनी. त्याच्यासाठी थांबतो आजची रात."

"थांबा की," आई म्हणायची, आणि बारीक केलेला कंदील तात्यांच्या उशाशी ठेवायची.